वेदनेचे सोंग

दुसऱ्याचे दुखणे आपल्याला कळते म्हणजे नेमके काय होते? दाढ दुखणाऱ्याला आपली दाढ दुखते आहे याविषयी तिळमात्र शंका नसते. शेजारी बसलेल्याला मात्र ती सांगावी लागते, पटवावी लागते, आणि एवढे करूनही ऐकणाऱ्याच्या मनात "इतके का दुखत असेल?" ही शंका उरतेच. अमेरिकेतील विदुषी एलेन स्कॅरी यांनी १९८५ साली वेदनेवर लिहिलेल्या ग्रंथात हाच विचार मांडला आहे. स्वतःची वेदना ही खात्रीची पराकाष्ठा, तर दुसऱ्याची वेदना ही संशयाची. आपल्याकडे 'जावे त्याच्या वंशा' असे म्हणतात त्यातही हेच सांगितलेले आहे. पण वंशाला जाता येत नाही म्हणून तर माणसाने गोष्ट, नाटक आणि आता सिनेमा ही साधने निर्माण केली. तेव्हा प्रश्न असा की, ही साधने आपल्याला दुसऱ्याच्या वेदनेपर्यंत नेतात की केवळ वेदनेच्या सोंगापर्यंत नेऊन परत आणतात?

हा प्रश्न आपल्या भागात पुस्तकी राहिलेला नाही. आदिलाबाद, उटनूर, आसिफाबाद, सीमेपलीकडे किनवट, पांढरकवडा, राजुरा या पट्ट्यात जंगल हे चित्र नसून शेजार आहे. आणि जगभरचे जंगलाचे सिनेमे आता ज्याच्या हाती मोबाइल आहे त्याच्यापर्यंत, मग तो तेलुगू बोलणारा असो, मराठी असो की गोंडी, पोचले आहेत. पडद्यावरचे जंगल आणि घरामागचे जंगल अशी तुलना करण्याची सोय न्यूयॉर्कच्या समीक्षकाला नाही. ती आपल्याला आहे, आणि म्हणून ती आपण करायला हवी.

'द रेव्हेनंट' हा २०१५ साली आलेला अमेरिकन चित्रपट वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल. दिग्दर्शक अलेहांद्रो इन्यारितू, नायक लिओनार्दो डिकाप्रिओ. १८२३ सालची हकिकत. ह्यू ग्लास नावाचा एक वाटाड्या कातड्यांच्या व्यापाऱ्यांबरोबर अमेरिकेच्या रानात हिंडत असतो. पिले बरोबर असलेली अस्वलाची मादी त्याला फाडते. साथीदार त्याला मरणासन्न सोडून जातात आणि हा माणूस बर्फातून रांगत, सरपटत माणसांत परत येतो. अस्वलाचा हल्ला कित्येक मिनिटे अखंड चालतो. मध्ये कॅमेरा दुसरीकडे वळत नाही, पार्श्वसंगीत धीर देत नाही. पुढे हाच माणूस गळ्याच्या जखमेत बंदुकीची दारू भरून ती पेटवतो, कच्चे काळीज खातो, थंडीपासून वाचण्यासाठी मेलेल्या घोड्याचे पोट फाडून आत झोपतो. नैसर्गिक प्रकाशातच चित्रीकरण करायचे असा दिग्दर्शकाचा हट्ट होता. कॅनडात हवा तसा बर्फ मिळेना तेव्हा सगळा लवाजमा थेट अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला नेला गेला. डिकाप्रिओने खरेखुरे कच्चे काळीज खाल्ले याची चर्चा जगभर झाली. २०१६ साली त्याला उत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले, दिग्दर्शकाला आणि छायालेखक इमॅन्युएल लुबेझ्की यांनाही मिळाले. आणि ते अस्वल? ते मात्र संगणकावर तयार केलेले होते. तारांना बांधलेल्या नटाला इकडून तिकडे फेकले जात होते, आणि अस्वल मागाहून त्यावर चढवले गेले.

म्हणजे काळीज खरे, थंडी खरी आणि अस्वल खोटे. तरी बघणाऱ्याला सगळ्यात खरे वाटले ते अस्वलच. 'पटणे' आणि 'खरे असणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एवढ्यावरूनच ध्यानात यावे.

आता आपल्याकडचे अस्वल पाहू. ते अमेरिकेतल्या अस्वलाच्या मानाने लहान, काळे, केसाळ, छातीवर पांढरट खूण असलेले. वाळवी, मध, फळे हे त्याचे अन्न, आणि मोहाचे फूल हा आवडीचा खाऊ. दृष्टी मंद, नाक तीक्ष्ण, नख्या बोटभर लांब. पिले पाठीवर घेऊन हिंडण्याची त्याच्या मादीची रीत आहे. माणूस खाण्यासाठी ते हल्ला करीत नाही. अचानक जवळ आलेल्या माणसाला ते घाबरते, आणि घाबरले की मागच्या पायांवर उभे राहून तोंडावरच येते. फाल्गुन-चैत्रात मोह गळतो तो रात्री. पहाटे वेचायला जावे लागते, नाहीतर गुरे आणि ऊन फुले ठेवीत नाहीत. म्हणजे अंधुक उजेडाची वेळ तीच, झाड तेच, आणि दोघांचीही मान खाली. बाई टोपली घेऊन वाकलेली, अस्वल फुले खात वाकलेले. कुणाचाही अपराध नाही. आणि क्षणभरात एखाद्याचा डोळा जातो, नाक जाते, टाळूची कातडी सोलवटून निघते.

उटनूरच्या पलीकडे एका गावात असा एक गृहस्थ माझ्या परिचयाचा आहे. कुटुंब परधानांचे, घरात मराठी, गावात गोंडी, बाजारात तेलुगू. काही वर्षांमागे चैत्रातल्या पहाटे त्याला अस्वलाने धरले. डावा डोळा आणि अर्धा गाल गेला. त्याचा भाचा कॉलेजात शिकतो. त्याने एकदा मोबाइलवर हा सिनेमा लावला होता आणि मामाही बाजूला बसून पाहत होता. मी तेथे होतो. त्या हल्ल्याच्या वेळी भाच्याने हातातला मोबाइल जरा तिरपा केला, पण मामाने तो सरळ करायला लावला आणि सगळे शांतपणे पाहिले. मग म्हणाला, "अस्वल बरोबर हाय, गुरुजी. असंच येते, फुसफुस करत. पण थो माणूस लय बोंबलते. माह्या तोंडातून तं आवाजच निघाला नाही."

पुढचा सिनेमा त्याने लक्ष देऊन पाहिला. घोड्याच्या पोटात झोपण्याच्या प्रसंगाला तो मोकळेपणाने हसला. थोड्या वेळाने भाच्याला त्याने विचारले, "जेवतानाचं दाखवते का नाही हे लोक?"

भाच्याला कळेना. मलाही आधी कळले नाही. मग त्याने सांगितले. जबड्याचे हाड जुळेपर्यंत कित्येक महिने त्याला आंबिलीवर काढावे लागले. ओठाचा कोपरा मिटत नसल्याने ती बाहेर ओघळत असे. जखम भरताना दुखत नव्हती इतकी खाजत होती, आणि खाजवायला हात नेला की बायको हात धरी. माश्यांसाठी दिवसभर कुणीतरी फडके हलवीत बसे. या सर्वांपेक्षा त्याला जास्त लागले ते वेगळेच. त्याची चार वर्षांची नात, जी आधी त्याच्या खांद्यावरून उतरत नसे, ती वर्षभर त्याच्याजवळ आली नाही. "थे दुखनं कोन्या डॉक्टरले दाखवू?" एवढेच तो म्हणाला.

एका वाक्यात त्या माणसाने अनेक ऑस्करांची समीक्षा केली असे मला वाटते. सिनेमाला हल्ला दाखवता येतो, कारण हल्ला हा प्रसंग आहे. त्याला सुरुवात आहे, चढ आहे, शेवट आहे. वेदना मात्र प्रसंग नाही. वेदना हा काळ आहे. त्या चित्रपटाची लांबी २ तास ३६ मिनिटे. जखमी माणसाची एक रात्र त्याहून लांब असते, आणि तिच्यात काहीच घडत नसते. जे घडत नाही ते दाखवायचे कसे? म्हणून मग रक्त दाखवायचे, दारू पेटवायची, काळीज खायचे. हिंसा ही वेदनेची जागा घेते. आपण हिंसा पाहतो आणि वेदना पाहिली असे समजून उठतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. खऱ्या ह्यू ग्लासविषयीच्या ज्या जुन्या हकिकती आहेत त्यांत त्याला मुलगा असल्याचा आणि साथीदाराने त्या मुलाचा खून केल्याचा पुरावा नाही. तो सूड घेण्यासाठी निघाला हे खरे. पण दोघांपैकी जो पोरसवदा होता त्याला त्याने वय पाहून क्षमा केली, आणि दुसरा सैन्यात भरती झालेला असल्याने त्यालाही जिवंत सोडावे लागले, असे त्या हकिकती सांगतात. सिनेमाने मात्र त्याला आदिवासी बायकोपासून झालेला मुलगा दिला, त्या मुलाचा डोळ्यांदेखत खून करवला, आणि शेवटी सूडाची झुंज घातली. असे का करावे लागले? कारण अस्वलाने फाडलेल्या माणसाच्या गोष्टीत खलनायक नाही. अस्वल आई होती, तिने पिले राखली. अशा वेदनेला कुणावर रागावता येत नाही, आणि जिच्यासाठी कुणावर रागावता येत नाही ती वेदना प्रेक्षकाला सोसवत नाही. मग तिला अर्थ द्यावा लागतो. माणूस एवढे सोसतो ते कशासाठी, याचे उत्तर तिकिटाच्या पैशात मिळायलाच हवे.

परंतु जगातील बहुतेक वेदना अशा बिनखलनायकाच्याच असतात. मोहाखाली वाकलेल्या बाईला सूड घ्यायला कुणी नाही. तिला मोह वेचायलाच हवा, अस्वलाला तो खायलाच हवा. तेव्हा सिनेमाने आपल्याला जी सवय लावली आहे, की दुःख दिसले की आधी अपराधी शोधायचा आणि तो नसेल तर दुःखातून लक्ष काढून घ्यायचे, ती सवय प्रत्यक्ष जगण्यात फार घातक ठरते.

आता आपल्याच मातीतील नायकाकडे वळू. २५ मार्च २०२२ रोजी 'आर आर आर' हा राजामौलींचा चित्रपट आला आणि कोमाराम भीमाचे नाव जगभर गेले. त्याची सुरुवातच आदिलाबादच्या जंगलातील गोंड वस्तीत होते. इंग्रज अधिकाऱ्याची बायको मल्ली नावाच्या मुलीला उचलून नेते. तिच्या आईला गोळी घालू पाहणाऱ्या शिपायाला तो अधिकारी थांबवतो, आणि तेही दयेपोटी नव्हे. गोळी महाग आहे, ती अशा बाईवर कशाला खर्चायची, म्हणून. मग तिच्या डोक्यात लाकूड घातले जाते. पुढे भीमाला भर चौकात बांधून काटेरी चाबकाने फोडून काढतात. गुडघे टेक म्हणून सांगतात. तो टेकत नाही, आणि त्या अवस्थेत गातो. सुद्दाला अशोक तेजा यांचे शब्द, कीरवाणींचे संगीत. ते गाणे ऐकून ज्याचे डोळे भरले नाहीत असा माणूस मला या जिल्ह्यात भेटलेला नाही. गोंड मुलांना आपल्या नायकाचे नाव एवढ्या मोठ्या पडद्यावर पाहून जो अभिमान वाटला तोही खोटा नव्हता. तो कमी लेखण्याचा अधिकार मला नाही.

तरीही विचारायला हवे की, ही वेदना कोणाची? दिग्दर्शकाने आपण कल्पित कथा सांगतो आहोत हे लपवलेले नाही. खरा भीम आणि अल्लुरी सीताराम राजू यांची भेट झाल्याची नोंद नाही. भीमाचा लढा इंग्रज लाटसाहेबाशी नव्हता, निजामाच्या राजवटीशी होता. जंगल कापून केलेली शेती हिसकावली जात होती, चराईला पैसे पडत होते, वनरक्षक आणि महसुली नोकर हक्काने वसुली करीत होते. जल, जंगल, जमीन ही घोषणा आज त्याच्या नावाशी जोडली जाते ती याच लढ्यामुळे. १९४० साली जोडेघाटला पोलिसांच्या गोळ्यांनी तो आणि त्याचे सहकारी मारले गेले. तेथे गाणे नव्हते, चौक नव्हता, गर्दी नव्हती. गोळ्या चालल्या आणि रान शांत झाले.

पण या घटनेनंतर काय झाले ते पाहण्यासारखे आहे. गोंड माणसे जिवावर उदार का झाली हे समजून घेण्याचे काम निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे दिले. तो पत्नी बेटी यांच्यासह मार्लवाईला झोपडी बांधून राहिला, गोंडी शिकला, आणि १९४८ साली त्याचा राजगोंडांवरील ग्रंथ निघाला. त्याच्या लिखाणात रक्ताचे वर्णन फारसे नाही. जमीन कशी गेली, कुणाच्या नावावर चढली, कुणाला कशासाठी किती द्यावे लागे, याचे वर्णन आहे. वाचताना अंगावर काटा येत नाही, पण पुस्तक मिटल्यावर झोप येत नाही. त्याच्या खटपटीने शाळा निघाल्या, पट्टे मिळाले. बेटी यांना १९८७ साली मार्लवाईतच पुरले गेले. चाबकाच्या दृश्याने भीमाची वेदना पटते. जमिनीच्या हिशेबाने ती कळते. या दोन क्रियापदांतील अंतर हाच या लेखाचा विषय आहे.

आपल्या पूर्वसूरींना हे अंतर माहीत असावे. नाट्यशास्त्राच्या परंपरेने युद्ध, वध, मृत्यू यांसारख्या गोष्टी रंगमंचावर प्रत्यक्ष दाखवू नयेत असा दंडक घातला. भासाच्या 'ऊरुभंगा'त मांड्या मोडलेला दुर्योधन प्रेक्षकांसमोर प्राण सोडतो, म्हणजे दंडक मोडणारेही होते. पण तेथेही भीमाची गदा पडताना दाखवलेली नाही. ते युद्ध इतरांच्या तोंडून कळते, आणि रंगमंचावर येतो तो सरपटणारा दुर्योधन, ज्याला आपल्या लहान मुलाला मांडीवर घेता येत नाही. घाव पडद्याआड आणि घावानंतरचे जगणे पुढे! दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या या नाटककाराला आमच्या उटनूरकडच्या आजोबाची आणि त्याच्या नातीची गोष्ट ठाऊक होती असे म्हणायला हरकत नाही. ग्रीसमधल्या ऍरिस्टॉटलनेही नोंदवून ठेवले आहे की, जी वस्तू प्रत्यक्षात पाहताना त्रास होतो तिचेच हुबेहूब चित्र पाहताना माणसाला आनंद होतो. हुबेहूबपणाचा आनंद हा वेदनेचा आनंद नव्हे, कारागिरीचा आहे. 'काय अस्वल केलंय!' असे म्हणणारा प्रेक्षक अस्वलाकडे पाहतो आहे, माणसाकडे नाही.

मराठी रंगभूमीवरील एक हकिकत येथे आठवते. विजय तेंडुलकरांचे 'गिधाडे' १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी रंगमंचावर आणले. त्यातील साडीवरच्या रक्ताच्या डागाला परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली. तेव्हा तो डाग निळा करण्यात आला, आणि हा निळा डाग प्रेक्षकांनी लाल समजावा अशी सूचना प्रयोगापूर्वी देण्यात आली. मला वाटते, निळा डाग लाल डागापेक्षा कितीतरी अधिक काम करून गेला असेल. लाल डाग पाहून प्रेक्षकाने मान फिरवली असती. निळा डाग लाल करण्याचे काम त्याला स्वतःच करावे लागले. ज्या वेदनेसाठी पाहणाऱ्याला स्वतः काही करावे लागते, तीच त्याच्याबरोबर घरी जाते. किंगरीवर गोंडांच्या पूर्वजांच्या कथा गाणारा परधान हेच करतो. त्याच्या हातात ना रक्त ना तलवार, एक गज आणि आवाज. बाकीचे ऐकणाऱ्याने भरायचे.

इथवर लिहिले की कुणीही म्हणेल, मग दाखवूच नये का? आणि हा आक्षेप फार मोलाचा आहे. त्याला बगल देऊन चालणार नाही. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीला आपल्या जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा. मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी सांगितलेला आकडा त्याच्या कितीतरी पट. त्या दिवसाचे चित्रण नाही. कुणाच्या हातात तेव्हा मोबाइल नव्हता. आणि चित्र नाही म्हणून आकड्याचा वाद आजतागायत मिटला नाही. याउलट १९७२ साली व्हिएतनाममधील भाजलेल्या, विवस्त्र धावणाऱ्या मुलीचे छायाचित्र जगाने पाहिले आणि युद्धाकडे पाहण्याची अनेकांची नजर बदलली. वेदना झाकण्यात सभ्यता असते तशी सत्ताधाऱ्यांची सोयही असते. 'असले काही दाखवू नका, मन विषण्ण होते' असे म्हणणाऱ्याचे मन बहुधा सुखवस्तू असते. ज्याने सोसले त्याला आपले सोसणे दिसावे असेच वाटते. मोबाइल सरळ करायला लावला तो मामाने, हे मी वर लिहिले आहे.

आणि त्या मामाला आपली वेदना पटवून देण्याचे आणखी एक काम करावे लागले होते. नुकसानभरपाईच्या अर्जासोबत जखमेचे फोटो हवेत, डॉक्टरचा दाखला हवा, जागेचा पंचनामा हवा. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत, तेलुगू कागदावरून इंग्रजी कागदावर अशा त्याच्या येरझारा वर्षभर चालल्या. एका ठिकाणी त्याला पट्टी सोडून दाखव म्हणून सांगितले गेले. पडद्यावरील नटाची जखम आपल्याला दोन क्षणांत पटते. समोर उभ्या असलेल्या माणसाची पटायला तीन प्रती लागतात. नटाने सोसलेल्या थंडीला बक्षीस मिळते, आणि याने सोसलेल्या चैत्राला शिक्का मिळत नाही. यात कुण्या एका कारकुनाचा दोष आहे असे मी म्हणत नाही. संशय हा त्याच्या कामाचा भाग आहे. पण वेदना म्हणजे संशयाचा विषय, हे स्कॅरीबाईंचे म्हणणे मला त्या कचेरीच्या व्हरांड्यात जितके कळले तितके पुस्तकात कळले नव्हते.

तेव्हा दाखवावे की न दाखवावे हा प्रश्नच नीट मांडलेला नाही. प्रश्न असा हवा की, जे दाखवले त्याने बघणाऱ्याला कोठे नेऊन सोडले? वेदनेचे एक चित्रण असे असते की ते पाहून आपण आपल्याच हळवेपणावर खूश होतो. आपण रडलो, आपण डोळे झाकले, म्हणजे आपण चांगली माणसे. दुसरे चित्रण असे की त्यानंतर एखादी गोष्ट आपल्याला पूर्वीसारखी करता येत नाही. पहिले कितीही हुबेहूब असले तरी सोंग. दुसरे कितीही ओबडधोबड असले तरी खरे. एकच चित्रपट एकाला सोंग आणि दुसऱ्याला सत्य ठरू शकतो. म्हणून निम्मी जबाबदारी दिग्दर्शकाची असली तरी निम्मी आपली आहे.

ही जबाबदारी आपल्या भागात तर टाळता येण्यासारखी नाही. २०१२ साली कव्वाल हे व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर झाले. ताडोबा आणि टिपेश्वरकडून वाघ पैनगंगा, प्राणहिता ओलांडून इकडे येऊ लागले. २०१८च्या २ नोव्हेंबरला पांढरकवडा परिसरात अवनी वाघीण मारली गेली. १३ माणसांचे बळी तिच्या नावावर मांडले गेले होते. तिच्यासाठी देशभर लोक हळहळले, आणि ते योग्यच होते. त्या १३ जणांची नावे किती जणांना सांगता आली असती? २०२० सालच्या नोव्हेंबरात आसिफाबाद जिल्ह्यात वाघाने दोन तरुण जीव घेतले. २०२४च्या नोव्हेंबरअखेर कागजनगरजवळ कापूस वेचणारी एक तरुण बाई गेली. त्यानंतर शेतात जाणाऱ्यांना डोक्याच्या मागच्या बाजूला लावायचे मुखवटे वाटण्यात आले. वाघ पाठीमागून येतो, त्याला चेहरा दिसला की तो बिचकतो, म्हणून. कापसाच्या ओळींत वाकलेल्या बायका, आणि त्यांच्या पाठीवरून आभाळाकडे पाहणारे रंगीत चेहरे. यापेक्षा भयंकर दृश्य कोणत्याही सिनेमात मी पाहिलेले नाही. त्यात रक्ताचा थेंब नाही. दोन रुपये जास्त मिळावेत म्हणून ज्या कापसाची आपण बाजारात घासाघीस करतो, तो या चेहऱ्यांमागून येतो.

म्हणून माझ्यापुरते मी एक माप ठरवले आहे, आणि वाचकांनी ते पारखून पाहावे. जंगलातील हिंसेचा एखादा चित्रपट किती 'पटणारा' आहे हे त्याच्या रक्तावरून, नटाच्या किंकाळीवरून किंवा अस्वलाच्या केसांवरून ठरवू नये. तो पाहून बाहेर पडल्यावर, एसटीत किंवा आठवड्याच्या बाजारात, फाटलेल्या चेहऱ्याचा माणूस शेजारी येऊन बसला तर आपण काय करतो यावरून ठरवावे. खिडकीबाहेर पाहू लागलो, तर चित्रपट फसला, मग त्याला कितीही पारितोषिके मिळोत. टक लावून जखमच पाहत राहिलो, तरीही फसला. त्याच्या उरलेल्या डोळ्याकडे पाहून, कोणत्याही माणसाला विचारावे तसे, "काय दादा, कुठवर?" असे विचारता आले, तर कुठेतरी काहीतरी पोचले.

दुसऱ्याची वेदना आपल्याला पूर्णपणे कधीच कळणार नाही. पण तिच्यावर विश्वास ठेवता येतो, पुरावा मागितल्यावाचून ठेवता येतो. कला उत्तम असेल तर हा विश्वास शिकवते. आणि नसेल तर? तर तो आपल्याला बाजारात, कचेरीत, मोहाच्या झाडाखाली, एकमेकांकडूनच शिकावा लागेल. त्याला तिकीट नाही आणि मध्यंतरही नाही.